टीचभर कागदातला मनोरा

मोसूलचा मनोरा मी पहिल्यांदा पाहिला तो नाशिकरोडला, मामांच्या ओट्यावर बसून. मामा प्रेसमध्ये होते. आमच्याकडे ‘प्रेस’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात आणि प्रत्येकाच्या नात्यात कुणी ना कुणी प्रेसमध्ये असतंच. रत्नागिरीचा माझा एक मित्र तेव्हा कुवेतला नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्याने माझ्यासाठी इराकची दहा हजार दिनारची नोट आणली होती, पाकिटात चार घड्या घालून. मी ती कौतुकाने मामांपुढे धरली. मामांनी आधी हात धुतले, पंचाला कोरडे केले आणि मग नोट दोन्ही कडांनी धरून उजेडाकडे नेली. “घडी उलगडता येते रे,” ते म्हणाले, “पण रेघ राहते ती राहतेच.” अर्धा तास ते ती नोट बघत होते. जन्मभर नोटा हाताळलेला माणूस एका परक्या नोटेपाशी इतका वेळ रमू शकतो, हे बघूनच मला हा नाद लागला.

त्या नोटेच्या पुढच्या बाजूला इब्न अल-हैथम आहे. हजारेक वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेला, प्रकाश आणि दृष्टी यांचा अभ्यास करणारा विद्वान. मागे मोसूलच्या अल-नूरी मशिदीचा मनोरा. बाराव्या शतकातला, विटांचा, सुमारे पंचेचाळीस मीटर उंच आणि एका अंगाला कललेला. म्हणून लोकांनी त्याचं नाव ‘अल-हदबा’ ठेवलं, म्हणजे कुबडा. खोडावर विटांच्या नक्षीचे सात पट्टे, प्रत्येकाची वीण वेगळी. मामांच्या भिंगातून मी ते पट्टे शोधत राहिलो. इराकात जाण्याचा योग नव्हताच, तरी त्या संध्याकाळी मी त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी जाऊन आलो.

ही नोट २००३ सालच्या बदलातली. त्याआधीच्या नोटांवर सद्दाम हुसेन होता. तो गेल्यावर देशभरातल्या जुन्या नोटा तीन महिन्यांत बदलून घेतल्या गेल्या आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी असे विद्वान, मनोरे, धबधबे आले. सत्ता उलटली की नोट बदलते, हे संग्राहकांना पाठ असतं. नेपाळमध्ये राजेशाही संपत आली तेव्हा नव्या नोटांवर राजाऐवजी एव्हरेस्ट छापलं गेलं, पण कागद आधीच तयार होता आणि त्याच्या जलचिन्हात राजाच होता. मग काही नोटांवर त्या कोऱ्या जागी लालीगुरांसचं फूल छापून राजाला झाकलं. माझ्याकडच्या पाचशेच्या नोटेत उजेडाकडे धरलं की फुलामागून राजाचा चेहरा अजून दिसतो. एका देशाचं इतकं मोठं स्थित्यंतर अंगठ्याएवढ्या जागेत.

पण राजे झाकता येतात, बदलता येतात. नोटेवरचं मंदिर, मनोरा, पायऱ्यांची विहीर मात्र देश मनापासून निवडतो असं मला वाटतं. हे आमचं आहे, हे जपायचं आहे, असं तो आपल्याच माणसांच्या खिशात लिहून ठेवतो.

इंडोनेशियाचं उदाहरण बघा. १९९८ सालच्या त्यांच्या वीस हजार रुपियाच्या नोटेवर गणपती आहे. गणेशोत्सवात तिचं चित्र दरवर्षी मोबाइलवर फिरतं आणि सोबत मजकूर असतो की अर्थव्यवस्था सावरावी म्हणून त्यांनी गणपती छापला. तसं नाही. त्या नोटेवर मुख्य चित्र की हजर देवांतरा यांचं आहे. डच राजवटीत सामान्यांच्या मुलांसाठी ‘तमन सिस्वा’ या शाळा काढणारा हा माणूस. मागे वर्गात बसलेली मुलं. शिक्षकाच्या शेजारी विद्येची देवता, एवढी साधी आणि सुंदर गोष्ट आहे ती. बांडुंगच्या तंत्रज्ञान संस्थेच्या बोधचिन्हातही गणपतीच आहे. बहुसंख्य मुस्लिम असलेला देश आपला जुना वारसा इतक्या सहजपणे खिशात बाळगतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. ती नोट २००८ अखेर चलनातून गेली. माझ्याकडची मी पाटीपूजनाच्या दिवशी बाहेर काढतो, घरातल्या मुलांना दाखवतो.

युरोची गोष्ट उलटी. कोणत्याही एका देशाची वास्तू घेतली तर बाकीचे रुसतील, म्हणून रॉबर्ट कालिना यांनी नोटांवर जगात कुठेच नसलेले पूल रेखाटले. एकेका काळाची शैली, पण पूल कल्पनेतले. नंतर नेदरलँड्समधल्या स्पायकेनिस या गावाने ते सातही पूल खरोखर बांधले, रंगसुद्धा नोटांचेच. २०१३ साली काम पुरं झालं. आधी कागद, मग पूल.

आणि आपलं? १९५४ सालच्या आपल्या पाच हजारांच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया होता. १९७८ मध्ये ती नोट रद्द झाली, सामान्य माणसाने ती कधी पाहिलीच नाही. आज चित्र वेगळं आहे. दहाच्या नोटेवर कोणार्क, पन्नासवर हंपीचा रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव, दोनशेवर सांची. आणि वीसच्या हिरवट पिवळ्या नोटेवर वेरूळची लेणी. भाजीवाल्या मावशींपासून रिक्षावाल्या दादांपर्यंत सगळ्यांच्या हातात रोज वेरूळ असतं आणि कुणी नोट उलटून बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आठव्या शतकात शिखरापासून खाली खोदत आणलेलं कैलास लेणं ज्या डोंगरात आहे, तो डोंगर आपण कोथिंबिरीच्या जुडीसाठी देऊन टाकतो. एकदा तरी ती नोट उलटी करा. भाषांच्या पट्टीत वरून आठवी ओळ मराठीची आहे, तीही वाचा.

नोटेशी आपण वागतो कसं, तेही बघण्यासारखं आहे. २००१ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना गड्ड्यांना पिना मारणं बंद करायला सांगितलं. त्याआधीची, छिद्रं नसलेली आपली नोट मिळणं ही संग्राहकाच्या दृष्टीने पर्वणीच. माझ्या अल्बममधल्या कितीतरी जुन्या नोटांना डाव्या अंगाला पिनांची ती दोन छिद्रं आहेत. आणि एक चूक माझीही. सुरुवातीच्या नोटा मी स्वस्तातल्या पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवल्या. दोन पावसाळ्यांत त्या चिकट झाल्या, शाई धूसर झाली. मामांना दाखवल्या तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, ते न बोलणं अजून सलतं.

जून २०१७ मध्ये बातमी आली. मोसूलमध्ये वेढले गेलेल्या आयसिसने अल-नूरी मशीद आणि तो मनोरा सुरुंग लावून उडवला. साडेआठशे वर्षं उभा असलेला कुबडा ढिगारा होऊन पडला. मामा तेव्हा नव्हते. रात्री मी अल्बम काढला. याच सुमारास सीरियातल्या पाल्मिराचंही असंच झालं होतं. राणी झेनोबियाचं चित्र असलेल्या सीरियाच्या पाचशे पौंडांच्या नोटेवर जे तिथलं रोमन नाट्यगृह आहे, त्याचीही मोडतोड झाली होती. दोन्ही नोटा शेजारी शेजारी ठेवल्या. चार घड्यांच्या रेघांमध्ये मनोरा मात्र होता तसाच कललेला होता. सातही पट्टे मी पुन्हा मोजले.

त्यानंतर काही वर्षांनी युनेस्कोच्या पुढाकाराने काम सुरू झालं. ढिगाऱ्यातून जुन्या विटा निवडून काढल्या, जमतील तेवढ्या त्याच पुन्हा लावल्या आणि मनोरा पुन्हा उभा राहिला. मित्र आता रत्नागिरीतच असतो. त्याने फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. “तुझी नोट आहे ना रे अजून?”

आहे. नोट ठेवायची ती चेहऱ्याची बाजू वर, असा मामांचा दंडक. सगळ्या नोटा मी तशाच ठेवतो. ही एक मात्र त्या दिवसापासून पालथी ठेवली आहे, मनोरा वर.