खाजगीपणाचा हक्क आणि दुहेरी पडदा



नोव्हेंबर २०१२ मध्ये, मुंबईतील बंदवर टीका केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने फेसबुकवर मजकूर लिहिला होता; दुसरीने पसंती दर्शविली होती. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. घाटकोपरच्या वस्तीत बसून वरिष्ठांच्या छळावर कायद्यात उपाय शोधणाऱ्या मुलीचाही तो हक्क आहे.

तो बजावण्यासाठी पुष्कळजण व्हीपीएन, म्हणजे आपली वाहतूक दुसऱ्याच्या यंत्रामार्गे नेणारी सेवा, घेतात. त्यामुळे आपण काय पाहतो ते इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस दिसत नाही. परंतु व्हीपीएन चालविणाऱ्यास दिसू शकते. पहारेकरी तेवढा बदलला! शिवाय सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा कंपनीने ग्राहकाचे नाव, पत्ता व सेवा घेण्याचे प्रयोजन यांची नोंद, सेवा संपल्यावरही पाच वर्षे ठेवावयाची आहे. अंधेरीच्या कचेरीत मिळणारे व्हीपीएन तर मालकाच्याच हाती असते.

टॉर या अनामिक जाळ्याची रचना निराळी आहे. तेथे आपली मागणी गुप्तलिपीच्या थरांत गुंडाळून तीन केंद्रांतून जाते. पहिल्यास आपला पत्ता ठाऊक, शेवटच्यास संकेतस्थळ. दोन्ही एकास ठाऊक नसतात. आधी व्हीपीएन व मग टॉर अशी जोडणी केल्यास इंटरनेट कंपनीला टॉरचा वापरही दिसत नाही. पण व्हीपीएन कंपनीला तो दिसतोच. म्हणून जाणकारांखेरीज इतरांनी ही जोडणी करू नये, असे टॉर चालविणारेच सांगतात. आणि स्वतःच्या नावाने खात्यात शिरल्यास दोन्ही पडदे व्यर्थ होत.

तेव्हा साधन समजून वापरावे. हक्काची राखण मात्र त्यावर सोपवू नये. खाजगीपणावरील बंधनास कायद्याचा आधार, योग्य उद्देश आणि प्रमाणबद्धता हवी, अशी कसोटी पुट्टस्वामी निर्णयाने दिली आहे. संशय असेल तेथे पोलिसांनी रीतसर माहिती मागावी. परंतु ज्यांच्यावर काडीचाही संशय नाही, अशा सर्वांची पाच वर्षांची नोंद त्या कसोटीस उतरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मत मागावयास दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास आपण याचा जाब विचारला पाहिजे.