गिरणगावची कला खांबावर रंगवून भागणार नाही

मुंबईच्या सुशोभनकर्त्यांना अलीकडे कलेचा मोठाच उमाळा आला आहे. पुलाच्या खांबांवर डबेवाला धावतो, कोळीण हसते, गिरणी कामगारही आता रंगात दिसू लागला आहे. ही म्हणे शहराची ओळख! ती घडली कोठे, आणि त्या जागा आज कोणाच्या घशात गेल्या, हे मात्र विचारायचे नाही.

1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्याचे रंगमंच होते चाळींची पटांगणे आणि गिरण्यांची दारे. तमाशावर सरकारी बंदी आली, तेव्हा तोच तमाशा लोकनाट्य म्हणून कामगारांपुढे उभा राहिला. मुंबई ज्यांनी घामाने उभी केली त्यांची ती आहे, हा विचार पुढाऱ्यांच्या भाषणांहून शाहिरांच्या डफानेच अधिक खोल रुजविला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला जे बळ मिळाले, त्यात या डफाचा वाटा कोणी नाकारू शकणार नाही. नारायण सुर्व्यांची कविताही याच वस्तीत वाढली.

18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या. 1991 च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा महापालिकेला आणि म्हाडाला मिळायचा होता. 2001 च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तीच दुरुस्ती उचलून धरली. गेली ती निव्वळ जमीन नव्हे. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांचे नमन आणि दशावतार, भजनी मंडळांच्या रात्री, कामगार नाटकांच्या तालमी, या साऱ्यांच्या पायाखालचा आधारच निघाला. परळचे दामोदर नाट्यगृह कामगार रंगभूमीचे हक्काचे घर. तेही 2023 साली पुनर्विकासासाठी बंद झाले. कलावंतांनी विरोध केला, तेव्हा कोठे त्याची चर्चा झाली.

'काळ बदलला, आता प्रेक्षक कोठे?' असे म्हणणारे शहाणे भेटतात. प्रेक्षकाला विरार आणि डोंबिवलीपलीकडे हुसकावून द्यायचे आणि मग तो येत नाही म्हणून नाट्यगृह पाडायचे, हा तर्क भांडवलदाराच्या मुनिमालाच शोभतो.

अर्थात डाव्या पक्षांनाही हात झटकता येणार नाहीत. सभेपूर्वी गर्दी जमेपर्यंत शाहीर, आणि वक्ता आला की शाहिराने खाली बसायचे, ही रीत त्यांचीच. कलेच्या जागेची मागणी वेतनवाढीच्या मागणीशेजारी त्यांनी किती वेळा मांडली?

चाळींच्या पुनर्विकासाच्या बैठका आज वॉर्डावॉर्डांत चालू आहेत. तेथे कार्यकर्त्यांनी खोलीच्या चौरस फुटांबरोबर सभागृहाचे चौरस फूटही विचारावेत: आसने किती, भाडे किती, ताबा कोणत्या तारखेला आणि व्यवस्थापनावर रहिवासी किती. हे कागदावर येईपर्यंत संमतीपत्रावर एकही सही पडू देऊ नये.