चर्चा करा, पण कुणाशी?

कुठेही संप झाला की आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "काढून टाका सगळ्यांना, बाहेर लाइन लागलीय." दुसरं जरा सभ्य, "अरे, बसून चर्चेने सोडवा ना!" पहिल्याला उत्तर देण्यात मी वेळ घालवत नाही. माझं भांडण दुसऱ्याशी आहे. ते शहाणपणाचं वाटतं, पण मुख्य प्रश्नच गाळतं. चर्चा करायची, पण कुणाशी?

आपल्याकडे संप चिघळतात ते चर्चा होत नाही म्हणून नाही. चर्चा भरपूर होते. ती सोयीच्या माणसाशी होते, म्हणून चिघळतात.

आधी थोडी माहिती. औद्योगिक विवाद कायदा १९४७ सालचा. त्यात समेट अधिकारी नावाचा माणूस होता, आणि नव्या कायद्यातही तो आहे. हा न्यायाधीश नाही, निकाल देत नाही. दोन्ही बाजूंना बोलावतो, एकत्र बसवतो, वेगवेगळं ऐकून घेतो, मधला रस्ता काढायला बघतो. त्याच्यासमोर करार झाला की तो त्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांवर बंधनकारक, सही करणाऱ्या युनियनचे सभासद नसलेल्यांवरसुद्धा! म्हणजे सही कोण करतंय याला केवढं महत्त्व आहे बघा.

आता १९८२ चा गिरणी संप घ्या. १८ जानेवारीला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कामगार होते दत्ता सामंतांच्या मागे. पण मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ प्रमाणे कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच युनियनचा, राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा. त्यामुळे मालक आणि सरकार दोघांनाही "आम्ही कायद्याने यांच्याशी बोलू शकत नाही" असं म्हणायची आयती सोय झाली. हा कायदा रद्द करा, ही संपाची एक मुख्य मागणीच होती. ज्यांच्याशी बोलायला कायदा परवानगी देत होता त्यांचं कामगार ऐकत नव्हते, आणि कामगार ज्यांचं ऐकत होते त्यांच्याशी बोलायला कुणी तयार नव्हतं. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. नुसता विरत गेला.

सामंतांचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. संप सुरू कसा करायचा हे त्यांना पक्कं माहीत होतं, संपवायचा कसा याचं उत्तर शेवटपर्यंत दिसलं नाही. यंत्रं जुनी झाली होती, यंत्रमागाची स्पर्धा होती, गिरण्यांची घसरण आधीच सुरू होती, हेही खरं. पण म्हणून त्या माणसांना टेबलाशी जागाच नसावी? लोअर परळला ज्यांचं ऑफिस आहे त्यांनी एकदा खाली बघावं. कमला मिल्स, फिनिक्स मिल्स... नावं तेवढी गिरण्यांची उरली आहेत.

"जुनी गोष्ट आहे रे" म्हणाल, तर एसटी घ्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने आंदोलन केलं. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्त्यावर तोडगा निघाला, संघटनांनी आंदोलन मागे घेतलं. सगळं रीतसर! फक्त डेपोतले लोक कामावर आले नाहीत. त्यांना राज्य शासनात विलीनीकरण हवं होतं आणि मान्यताप्राप्त नेत्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. डिसेंबरमध्ये आणखी एका संघटनेने संप मागे घेतल्याचं जाहीर केलं, तरी बस हलली नाही. दरम्यान हजारोंचं निलंबन, बडतर्फी. शेवटी ७ एप्रिल २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत हजर व्हा म्हणून सांगितलं. विलीनीकरण झालंच नाही. साडेपाच महिने खेड्यातली पोरं कॉलेजला कशी गेली असतील? आपण पुण्यात बसून "फारच ताणलं बुवा यांनी" म्हणत होतो.

ताणलं, मान्य. एकच मागणी आणि मागे यायला वाट नाही, हे पुढाऱ्यांचंही पाप आहे. पण लोक अशा टोकाच्या पुढाऱ्यांकडे जातात केव्हा? आपल्या नावाने भलत्यानेच सही केलीय असं वाटतं तेव्हा.

उलटं उदाहरण चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचं. सॅमसंगच्या कारखान्यात ९ सप्टेंबर २०२४ ला हजारावर कामगार संपावर गेले. मुख्य मागणी, आमच्या युनियनला मान्यता द्या. ७ ऑक्टोबरला कंपनीने कामगारांच्या दुसऱ्याच एका समितीशी करार केला. संप मिटला? अजिबात नाही. मग तमिळनाडू सरकारच्या मध्यस्थीने खऱ्या संपकऱ्यांशी बोलणं झालं आणि १५ ऑक्टोबरला, ३७ दिवसांनी, संप मिटला. संपावर गेले म्हणून कुणावर सूड उगवायचा नाही आणि मागण्यांना लेखी उत्तर द्यायचं, असं ठरलं. पुढे सगळं गोडीगुलाबीने चाललं असं नाही, २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा खटका उडाला. पण युनियनची नोंदणी झाली आणि मे २०२५ मध्ये वेतनकरारही झाला.

आता नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात एक गोष्ट चांगली आहे. ज्या युनियनमागे ५१ टक्के कामगार, ती वाटाघाटी करणार. तसं कुणीच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्यांची परिषद. पण संपाला १४ दिवसांची नोटीस हवी, समेट चालू असताना आणि नंतर ७ दिवस संप बंद. समेट फिसकटला की दोघांपैकी कुणीही न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतं, आणि तिथे प्रकरण चालू असेपर्यंत व त्यानंतर ६० दिवस पुन्हा संप बेकायदा. म्हणजे मालकाने नुसता अर्ज टाकला की कामगाराच्या हातातलं एकमेव हत्यार गेलं. मग मालकाने टेबलाशी मनापासून बसावं तरी कशासाठी?

माझं मत असं, की संपाचा हक्क इतका आवळायचा असेल तर बदल्यात एक गोष्ट सक्तीची हवी. प्रतिनिधी कोण यावर वाद असेल तर कामगार खात्याने लगेच गुप्त मतदान घ्यावं, आणि जो निवडून येईल त्याच्याशी मालकाने बोललंच पाहिजे. तो आवडो न आवडो, लाल झेंड्याचा असो की भगव्या.

"आपला काय संबंध?" असं म्हणणाऱ्यांसाठी शेवटचं. कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत 'तांत्रिक काम' करणाराही येतो. कोड लिहिणं हे तांत्रिक काम नाही तर काय आहे? उद्या लेऑफची मेल आली तर तुमच्या वतीने कोण बोलणार, एच.आर. का?

तेव्हा पुढच्या संपाच्या वेळी कुणी "चर्चेने सोडवा" म्हणालं तर एवढंच विचारा, समोर बसलेल्या माणसाला कामगारांनी पाठवलंय की मालकाने निवडलंय?