नागरिकशास्त्राचं झाकण

दहावीला नागरिकशास्त्रात मला बरे मार्क पडले होते. कर्तव्यं तोंडपाठ. परिसर स्वच्छ ठेवावा, सार्वजनिक मालमत्ता जपावी. त्या पुस्तकात स्वच्छता होती, गटारात उतरणारा माणूस नव्हता. त्याची जात तर नव्हतीच नव्हती. तेच धडे गिरवलेले पांढरपेशे २ ऑक्टोबरला कोरा झाडू घेऊन आधीच झाडलेला रस्ता झाडतात, फोटो काढतात नि घरी जाऊन साबणानं हात धुतात. ह्याला म्हणे तरुणांचा नागरी सहभाग. थू!

मी गोदीत मजुरी करतो. जहाजाच्या फाळक्यात उतरायचं तर आधी झाकणं सरकवायची, हवा खेळू द्यायची, आतली हवा तपासायची असा नियम आहे. कोळसा, लाकूड, गंजकं भंगार बंद जागेत प्राणवायू खाऊन टाकतं. शिडीवरचा माणूस तळाला पोचेस्तोवर आडवा होतो. नियम मोडला तर आम्ही काम बंद करू शकतो, मुकादम कितीही बोंबलू दे. आता ह्याच मुंबईत सोसायटीच्या सेप्टिक टाकीचं झाकण उघडतं तेव्हा हवा कोण तपासतो? तिथं कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो. थोडा असला तर नाकाला कळतो, जास्त झाला की नाकच मरतं. वास गेला म्हणून माणूस पुढं पाऊल टाकतो आणि पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पेपरात बातमी दोघांची, तिघांची येते ती म्हणून.

कायदा नाही असं कोण म्हणतो? १९९३ चा होता, बिनदाताचा. म्हणून २०१३ चा आला. त्याचं कलम ७ सांगतं, साधनं नि खबरदारी नसताना गटारात, टाकीत माणूस उतरवायचा नाही. स्वतः नाही, दुसऱ्याआडून पण नाही. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला मयताच्या घरच्यांना १० लाख द्या म्हटलं, २०२३ ला ३० लाख.

आणि ठाण्यात काय लिहितात? अपघाती मृत्यू! च्यायला, ट्रकखाली सापडला तर अपघात म्हणा. पिढ्यान्‌पिढ्या त्याच वस्त्यांतनं माणूस उचलायचा, दोरीला बांधून भोकात सोडायचा, मेला की अपघात? जुलै २०२१ मध्ये सरकारनं राज्यसभेत सांगितलं, हातानं मैला साफ करताना कुणी मेल्याची नोंद नाही. गटारात मेलेले वेगळ्या खात्यावर, 'धोकादायक सफाई'च्या. शब्द बदलला, मढी गायब. उत्तर देणारा मंत्री एके काळचा पँथर. नाव कशाला घेऊ, तुम्हाला माहीत आहे.

पण मंत्र्याला शिव्या घालून आपली सुटका नाही. १९७२ ला पँथर निघाली तेव्हा पोरं अत्याचार झाला त्या गावात जाऊन उभी राहायची. आज आपण अत्याचाराचा फोटो मोबाइलवर पुढं ढकलतो, खाली लाल तोंडाचा बाहुला चिकटवतो नि झोपतो. जयंतीच्या बॅनरवर दादांच्या फोटोखाली आपलं थोबाड किती इंचाचं, ह्यावर मारामाऱ्या.

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका सोसायटीच्या टाकीत तिघं गेले. त्यांच्या बायका हायकोर्टात गेल्या. सरकार म्हणालं, काम खाजगी कंत्राटदाराचं, आमचा काय संबंध? सप्टेंबर २०२१ मध्ये कोर्टानं बजावलं, आधी प्रत्येकीला १० लाख द्या, मग ज्याच्याकडनं वसूल करायचे त्याच्याकडनं करा. तीन विधवांनी सरकारला वाकवलं. आपल्या मंडळांतली किती पोरं त्यांच्या तारखांना हजर होती?

तुमच्या गल्लीत झाकण उघडलं की थांबा. काम कुणी दिलं, मशीन कुठाय, हवा तपासली का, विचारा. सोसायटीचा सेक्रेटरी अंगावर येईल, येऊ दे. खरी पंचाईत पुढं आहे. उतरणारा भाऊच तुमच्यावर भडकेल, 'माझी आजची रोजी तू देणार?' त्याचं काही खोटं नाही. रोजीसाठी फाळक्यात मीही उतरतो. म्हणून त्याला तत्त्वज्ञान पाजू नका. पुनर्वसन त्याच २०१३ च्या कायद्यात आहे. त्याच्या घरी बसा, अर्ज भरा, कचेरीत त्याच्याबरोबर खेटे घाला. पाच-सहा महिने जातील. तेवढा दम आहे का, ते आधी ठरवा.

आणि कुणी मेलाच, तर ठाण्यात गठ्ठ्यानं जा. कलम ७ लिहून घेतल्याशिवाय बाकडं सोडू नका. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, मेहेरबानी नाही, कायदा आहे.

संपादकांना एक सांगणं. पुढच्या अंकात माझ्या कवितेसाठी ठेवलेलं पान तसल्या एका नकलेला द्या.