कोन बिमार हाय?

पांढरकवड्याच्या बसस्थानकावर पिशवी घेऊन कोणी नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभा दिसला, की ओळखीचा माणूस जवळ येऊन हमखास विचारतो, "काहून, कोन बिमार हाय?" या प्रश्नात आपुलकी आहे, यात शंका नाही. परंतु वाचकहो, आपल्या भागाचे एक दुःखही त्यात दडलेले आहे. नागपूरला माणूस केवळ पाहण्यासाठी, आनंदासाठी जाऊ शकतो, ही कल्पनाच आपल्या मनाला शिवत नाही!

वास्तविक नागपूर आपल्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर. करंजी, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी अशी गावे मागे टाकीत गाडी सकाळी निघते आणि दुपारच्या आत पोचते. मुंबई ही राज्याची राजधानी खरी. पण ती आपल्याला लांबच. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला, तेव्हापासून १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूरच होती. पुढे ते वैभव गेले. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन आणि 'उपराजधानी' हे नाव तेवढे उरले. म्हणजे ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या राजधानीचे शहर आहे. तरीही आपण तिथे जातो ते रुग्ण म्हणून, अर्जदार म्हणून, नाहीतर मोर्चेकरी म्हणून. पाहुणे म्हणून कधीच नाही.

यंदा आमच्या घरी ठरले, की दोन दिवस नागपूर पाहून यायचे. बाबांनी जिनिंगच्या पावतीच्या कोऱ्या बाजूवर यादी केली. एकूण अकरा स्थळे! प्रत्येकासमोर वेळ लिहिली. एका ठिकाणी तर 'वीस मिनिटे' असेही लिहिले. धाकट्या भावाला मेट्रो हवी होती, ती बारावी झाली. आजी म्हणाली, "मी पायऱ्या चढत नाही." आई मात्र भाकरी थापत होती, ती काहीच बोलली नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, "मले काय दाखवता नागपूर? एकोणीस दिवस राह्यली मी तिथं."

ते एकोणीस दिवस मला आठवतात. आजोबांना तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवले होते. आईने त्या दिवसांत नागपूर पाहिले ते म्हणजे एक व्हरांडा, पाण्याचा एक नळ आणि रस्त्यापलीकडचे औषधाचे दुकान. आजोबा परत आले नाहीत. आईच्या मनात नागपूर त्या व्हरांड्यातच थांबले आहे. थोड्या वेळाने तवा उतरवताना ती हळूच म्हणाली, "तलाव हाय म्हंते तिथं. मोठा. तो पाहीन."

तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे, की सहलीची आखणी यादीपासून सुरू करू नये. घरातील सर्वांत थकलेल्या माणसापासून करावी. ज्याने आजवर काहीच मागितले नाही, त्याला आधी विचारावे. त्याचे एक स्थळ पक्के झाले, की बाकीची आपोआप त्याच्याभोवती बसतात. अकरा ठिकाणी वीस-वीस मिनिटे धावणे म्हणजे सहल नव्हे, ती पळापळ आहे. घरी आल्यावर पाय तेवढे आठवतात!

आम्ही यादी पुन्हा केली. पहिल्या दिवशी सीताबर्डीच्या अंगाला झिरो माईलचा स्तंभ व ते चार घोडे, विधानभवन बाहेरून, आणि जवळच १८६३ चे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला जुने लोक 'अजब बंगला' म्हणतात. सायंकाळी अंबाझरी तलाव, आणि तिथे घड्याळ पाहायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाभूमी, जिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. मग परतीची गाडी. मेट्रोत एक फेरी भावासाठी. संग्रहालयाची सुटी कोणत्या वारी, हे आधी विचारून घ्यायचे. अधिवेशनाची गर्दी टाळून संक्रांतीनंतर निघायचे.

झिरो माईलजवळ एक ठिकाण मी मुद्दाम जोडले. तिथे गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या मागण्या घेऊन आलेल्या मोर्चातील ११४ गोवारी बांधव तिथे चेंगराचेंगरीत मरण पावले. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. आपल्यासारख्याच खेड्यांतून ते राजधानीत आले होते आणि घरी परतले नाहीत. सहलीत हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण राजधानी पाहायची तर तिच्या इमारतींबरोबर तिच्या दारात काय घडले तेही आपल्या मुलांना ठाऊक हवे.

आता खर्चाचा प्रश्न. कापसाचा पैसा हाती येण्यापूर्वीच वाटला गेलेला असतो, हे मी शेतकऱ्याची मुलगी असल्याने जाणते. कर्ज काढून फिरा, असे मी म्हणणार नाही. पण २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना एस.टी. मोफत झाली, २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. आमच्या आजीचे तिकीट नाही, आईचे व माझे मिळून एक. मुक्काम नात्यात, पहिल्या दिवसाचा डबा घरचा. ज्यांना दोन दिवस जमत नाहीत त्यांनी एकच दिवस जावे आणि दोनच स्थळे पाहावीत. खरी अडचण पैशाची कमी, सवयीची अधिक आहे. तीर्थ, लग्न आणि दवाखाना यांवाचून बाईने घराबाहेर पडायचे नसते, ही ती सवय! तिकीट सरकारने अर्धे केले. उरलेला अर्धा अडसर आपल्या घरातला आहे, तो आपणच काढायला हवा.

हा अंक आपल्या हाती पडेल तोवर आम्ही जाऊन आलेले असू. बसस्थानकावर तो ठरलेला प्रश्न कोणीतरी विचारीलच. त्याचे उत्तर मी देणार नाही, बाबाही देणार नाहीत. ते आईने द्यावे, अशी माझी इच्छा आहे. "कोनी बिमार नाही. पाहाले चाललो."