टाळूची किल्ली कोणाच्या हातात?

मागच्या महिन्यात चौथीतल्या एका मुलीची अम्मी शाळा सुटल्यावर थांबली. मांजरसुंब्याच्या चौकात त्यांचं छोटं हॉटेल आहे, वडील ट्रकवर. म्हणाली, "मॅडम, पोरीचा वरचा जबडा अरुंद आहे म्हणतात. एक डॉक्टर म्हणतात काढता-घालता येणारी प्लेट लावा, दुसरे म्हणतात दाढांना पक्कं चिकटवू. कोणाचं ऐकू? आणि सासरे म्हणतात, अल्लाहने दिलेलं तोंड बदलायचं कशाला?"

सासऱ्यांच्या शंकेपासून सुरुवात करू. नुसत्या शोभेसाठी शरीरात बदल करणं वेगळं आणि दोषावर इलाज करणं वेगळं. या मुलीच्या वरच्या दाढा एका बाजूला खालच्या दाढांच्या आत बसतात. ती एकाच बाजूने चावते, जबडा सरकवून तोंड मिटते. हा इलाजाचा मामला आहे. तरी मनात खटका असेल तर मौलानांना तोंडातली अडचण नीट सांगून विचारा. "दात सुंदर करायचेत" एवढंच सांगून नको.

आता इलाज. टाळूच्या मधोमध दोन हाडांचा सांधा असतो. लहानपणी तो घट्ट जुळलेला नसतो, म्हणून स्क्रू असलेल्या साधनाने हळूहळू रुंद करता येतो. वयात आल्यावर ते अवघड होत जातं, मोठेपणी कधी ऑपरेशनही लागतं. म्हणून "दुधाचे दात पडू द्या, मग बघू" म्हणत वर्षं घालवू नयेत. सातव्या-आठव्या वर्षी एकदा दाखवावं.

काढती प्लेट साफ करायला सोपी, पण दिवसाचा बहुतेक वेळ तोंडात राहिली तरच काम करते. वर्गात मी अशी प्लेट रुमालात गुंडाळून दप्तरात गेलेली पाहिली आहे. तिचा स्क्रू बहुधा आठवड्यातून एक-दोनदा फिरवतात, महिने लागतात. चिकटवलेलं साधन मुलाला काढता येत नाही. त्याचा स्क्रू बहुधा रोज एक-दोनदा, दोन-तीन आठवडे फिरवतात. एका पाव फेऱ्यात साधारण ०.२५ मिलिमीटर रुंदी वाढते. सुरुवातीला लाळ येते, बोबडं बोलणं होतं, नाकाच्या मुळाशी दाब वाटतो. पुढच्या दोन दातांत फट पडते. घाबरू नका, सांधा उघडल्याची ती खूण आहे, पुढे ती बरीचशी आपोआप मिटते. रुंदी मिळाली म्हणजे संपलं असंही नाही. नवं हाड भरेपर्यंत तीन ते सहा महिने साधन तसंच ठेवावं लागतं, नाहीतर जबडा पुन्हा आकसतो.

मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाकामागची गाठ वाढली असेल तर नुसत्या टाळूच्या साधनाने श्वास सुटेलच असं नाही.

डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारा: दोष हाडात आहे की फक्त दात आत झुकलेत? किती वेळा यावं लागेल? एकूण खर्च किती? आणि साधन निसटलं तर काय करायचं? खाजगी खर्च झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवता येतं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा दातांबद्दलही बोला.

मी त्या अम्मीला एकच विचारलं, "रोज किल्ली कोण फिरवणार?" कारण वडील चार-चार दिवस बाहेर. थोडं थांबून ती म्हणाली, "मीच. रात्री हॉटेल बंद झाल्यावर."

दुसऱ्या डॉक्टरांनी हाड अरुंद असल्याचं तपासून दाखवलं होतं, आणि प्लेट सांभाळणं या मुलीला जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनी पक्कं साधन निवडलं. किल्लीला दोरा बांधलाय, घशात जाऊ नये म्हणून. आणि कॅलेंडरवर रोज खूण करायचं काम सासऱ्यांनी स्वतःहून घेतलंय.