मसाई माराला नंतर जा, आधी मक्याच्या वावरात!

ओळखीतला एक पोरगा आहे, सिल्लोडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. मोबाइलच्या वॉलपेपरवर सिंह, इन्स्टावर दिवसभर मसाई माराचे रील्स. परवा चहाच्या टपरीवर म्हणाला, "दादा, मला आफ्रिकेत वाइल्डलाइफ फोटोग्राफी करायचीय. घरी सांगितलं तर वडील म्हणतात, आधी वावरात जागलीला जा, रोह्यांनी मका खाल्लाय."

टपरीवरचे सगळे हसले. मला मात्र वाटतं, दोघांचंही बरोबर आहे.

आधी स्वप्नाचं बोलू. आफ्रिकेचं वेड लागण्यासारखंच आहे. नजर पोहोचेल तिथवर मोकळं गवत, गाड्यांना सरावलेले प्राणी, सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड. साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात आणि जगभरचे फोटोग्राफर तिथे धावतात.

आता हिशेब. मसाई मारात परदेशी पाहुण्याला नुसती प्रवेश फी जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला 200 डॉलर. विमान, जीप, राहणं, मोठी लेन्स हे सगळं वेगळं. बरं, एवढं करून चित्त्यासमोर पोहोचलात, तर शेजारी दहा-वीस जीप उभ्याच. सगळ्यांच्या कार्डात तोच चित्ता, तोच कोन. तुमचा फोटो कुणी का घ्यावा?

तिथे ज्याचं पोट या धंद्यावर नीट चालतं, त्या माणसाकडे बघा. तो म्हणजे स्थानिक गाइड. केनियात गाइडसाठी ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा परीक्षांच्या पायऱ्या आहेत. पक्षी, ठसे, झाडं, प्राण्यांच्या सवयी, सगळं पाठ लागतं. चित्ता कुठल्या बाजूने निघेल हे त्याला कळतं, म्हणून तो जीप बरोबर जागी लावतो. बटण आपण दाबतो, पण फोटो अर्धा त्याचाच असतो. आपल्याकडेही नुसते फोटो विकून घर चालवणारे मोजकेच. बाकीचे सहली नेतात, वर्कशॉप घेतात, संशोधकांबरोबर काम करतात. म्हणजे पैसा कॅमेऱ्यापेक्षा जास्त माहितीला मिळतो. आणि ती माहिती त्या जागेत मुरल्याशिवाय येत नाही.

हे आपल्या तालुक्याला नवं नाही. 1844 मध्ये रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला नेमला गेला. अजिंठा गावात तो वर्षानुवर्षं राहिला, पुढे कॅमेरा शिकला. 1864 मध्ये त्याच्या 100 फोटोंचं पुस्तक लंडनला निघालं. पश्चिम भारतातल्या वास्तू आणि निसर्ग हा त्याचा विषय. गिल शिकारीही होता, त्याचं सगळं कौतुक करायचं कारण नाही. पण तो आला, राहिला, म्हणून त्याला दिसलं. आपण इथेच जन्मलो, तरी आपला डोंगर जगाला दाखवायचं काम आपल्यापैकी किती जणांनी केलं?

मुंबईच्या नयन खानोलकरांचं उदाहरण घ्या. 2016 मध्ये लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी विभागाचं बक्षीस त्यांना मिळालं. फोटो कसला? आरे कॉलनीतल्या वारली वस्तीच्या गल्लीतून रात्री निघालेल्या बिबट्याचा. त्यासाठी ते महिनोन्महिने त्या गल्लीच्या मागे होते. माणूस आणि बिबट्या शेजारी कसे राहतात, हे त्या एका फ्रेममध्ये आलं. आपल्या संभाजीनगरच्या बैजू पाटलांचं नावही जगभरच्या स्पर्धांत गाजतं, आणि जायकवाडीच्या पाणपक्ष्यांवर त्यांनी भरपूर काम केलंय. घराजवळचं पाणी त्यांनी कमी लेखलं नाही.

आता त्या पोराच्या वडिलांकडे येऊ. मक्याभोवती बांधलेल्या जुन्या साड्या, झटका मशीनची तार, माळ्यावर बॅटरी घेऊन बसलेला बाप, आणि पलीकडे अंधारात चमकणारे रोह्यांचे डोळे. ही गोष्ट कुठल्या रीलमध्ये पाहिलीत? केनियातला शेतकरी हत्तींपायी अशाच रात्री जागून काढतो. म्हणजे विषय जगाचा आहे, फक्त आपल्या बांधावर उभा आहे. आणि बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला तुमच्या माळ्यावर जागा मिळणार नाही. तुम्हाला ती जन्मानेच मिळालीय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: एक वर्ष एकच विषय धरा. रोही घ्या, माळरानावरचे पक्षी घ्या, नाहीतर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात रंग बदलणारा अजिंठ्याचा डोंगर घ्या. सेकंडहँड कॅमेरा चालेल. सुरुवातीला मोबाइलही चालेल. तारीख, वेळ, जागा वहीत लिहा. सुट्टीत कन्नडकडचं गौताळा अभयारण्य बघा, पण परवानगी काढून, नियम पाळून. फोटोसाठी घरट्याजवळ जाऊ नका, प्राण्याला खायला घालून बोलावू नका. वर्षाअखेर निवडक वीस फोटो आणि त्यामागची गोष्ट तुमच्याकडे असेल. कुठल्याही संस्थेत, मासिकात, स्पर्धेत दाखवायला हीच तुमची ओळख.

कुणी म्हणेल, हे गरिबीचं समाधान आहे, पैसे नाहीत म्हणून वावर गोड. तसं नाही. आफ्रिकेला जाच. फक्त तिथे पर्यटक म्हणून उतरायचं, की बघायला शिकलेला माणूस म्हणून, हे इथेच ठरतं.

त्या पोराला मी तेच सांगितलं. आज रात्री जागलीला जा, वडिलांना चहा घेऊन जा. आणि कॅमेरा विसरू नको.